बायको रात्री प्रेमकादंबऱ्या वाचते, मी काय करू?

ताई, नमस्कार.

माझं वय ५२. सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांनी घातलेलं. डिसेंबरात लग्नाला २५ वर्षं होतील. बायको हायस्कुलात इंग्रजी शिकवते. मुलगी पुण्याला नोकरीला असते. तिने गेल्या दिवाळीत आईला टॅब घेऊन दिला आणि तेव्हापासून आमच्या खोलीतला दिवा लवकर बंद होत नाही. ही इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचते. कॉलेजातल्या पोरापोरींच्या नाहीत, आपल्या वयाच्या माणसांच्या. मधेच हसते, कधी डोळे पुसते. विचारलं तर ‘काही नाही हो, गोष्ट आहे’ म्हणते.

मागच्या महिन्यात ती टॅब घरी विसरून शाळेत गेली. मी तो दुकानात नेला आणि दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा वाचत बसलो. माझं इंग्रजी बी.कॉम.पुरतं, पण समजलं. नायक पन्नाशीचा सुतार, बायको वारलेली. नायिका घटस्फोटित. तो स्वयंपाक करतो, भांडी घासतो, तिचं ऐकून घेतो, चुकलं की माफी मागतो. काही पानं वाचताना तर मलाच लाज वाटली. हिने तीन ठिकाणी पिवळ्या रंगाने खुणा केल्यात. एका ठिकाणी त्याच्या मनात येतं की आज मी गप्प होतो, कारण मला भीती वाटत होती. दुसऱ्या ठिकाणी, धंदा गुंडाळायची वेळ आलीय हे तिला कसं सांगू, असं चाललंय. तिसऱ्या ठिकाणी तो घरासमोर गाडीत नुसता बसून राहतो, आत जात नाही.

मी गजरा आणला तर ही म्हणाली, ‘काय हो, आज काय विशेष?’ रविवारी भांडी घासायला घेतली तर म्हणाली, ‘राहू द्या, तुम्ही सगळा ओटा ओला करता.’

हिला माझ्यात काय कमी वाटतंय? हे वाचन बंद कर म्हणून सांगू का? दुकानाचंही टेन्शन आहे, एका कॉन्ट्रॅक्टरने मोठी रक्कम अडकवलीय, पण ते हिच्या कानावर घातलेलं नाही. उगाच तिला कशाला काळजी. आणि डिसेंबरात हिला काय भेट देऊ तेही सांगा.

– एक वाचक, सांगली

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य अगदी शेवटाकडे आहे आणि ते तुम्ही भेटवस्तूच्या आधी घाईघाईने उरकलंय. कॉन्ट्रॅक्टरचं. त्याच्याकडे येते, पण आधी त्या तीन पिवळ्या खुणा बघू. तुम्ही त्या इतक्या नीट लिहून पाठवल्यात की माझं निम्मं काम झालं.

खुणा कुठे नाहीत ते आधी पाहा. तो स्वयंपाक करतो, तिथे नाही. भांडी घासतो, माफी मागतो, तिथे नाही. ज्या पानांची तुम्हाला लाज वाटली, तिथेही नाही. (तुम्ही ती पानंही तपासलीत हे गृहीत धरते.) तिन्ही खुणा एकाच जातीच्या आहेत. तो तोंडाने काही बोलत नाही आणि त्या वेळी त्याच्या डोक्यात काय चाललंय ते लेखिका आपल्याला सांगते. भीती, बुडत चाललेला धंदा, दारापाशी थबकलेला माणूस. पंचवीस वर्षं एका दुकानदाराशी संसार केलेल्या बाईने नेमक्या याच तीन जागा निवडाव्यात, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

या पुस्तकांची घडण थोडी समजून घ्या, म्हणजे मी काय म्हणते ते ध्यानात येईल. आजकालच्या बऱ्याच इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत एक प्रकरण तिचं आणि पुढचं त्याचं, अशी पाळी असते. पूर्वी असं नव्हतं. मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ सालची. तिच्या ज्या चिमुकल्या कादंबऱ्या आमच्या पिढीतल्या मुली लायब्ररीतून आणून वहीत लपवून वाचायच्या, त्यात गोष्ट बहुतेक वेळा नायिकेच्या डोळ्यांनीच दिसायची. नायक उंच, श्रीमंत आणि घुम्या. तो असा का वागतो हे शेवटच्या दहा पानांपर्यंत कळायचं नाही, आणि कळल्यावर कारण अगदीच किरकोळ निघायचं. आता वाचणारणीला त्याच्या डोक्यात शिरायला मिळतं. तो जेवताना मोबाइलमध्ये तोंड घालून बसलाय हे तिच्या प्रकरणात दिसतं, आणि त्याच क्षणी त्याला बँकेचा मेसेज आलाय हे त्याच्या प्रकरणात. एकाच गप्प बसण्याच्या दोन्ही बाजू वाचकाच्या हातात येतात.

घरी ही सोय नसते. तुमच्या बायकोकडे तुमच्या लग्नाची फक्त तिची प्रकरणं आहेत. तुमची तिला वाचायला मिळालेली नाहीत. तिला जे दिसतं ते एवढंच: नवरा दुकानातून आला, हातपाय धुतले, जेवला, बातम्या बघितल्या, झोपला. गेले काही दिवस जरा जास्तच गप्प आहे. मग एक दिवस अचानक गजरा. तुम्ही तिच्या जागी असता तर तुम्हीही ‘काय विशेष?’ असंच विचारलं असतं. मला तर वाटतं, तो टोमणा नव्हता, सरळ प्रश्न होता. तुम्ही उत्तर काय दिलंत ते पत्रात नाही.

आता एक पुस्तक सांगते. ते पुस्तकांच्या दुकानात प्रेमकादंबऱ्यांच्या फळीवर सापडणार नाही, ‘साहित्य’ म्हणून वेगळं ठेवलेलं असेल. पण मुरलेल्या लग्नाबद्दल याच्याइतकं खरं मी फार थोडं वाचलंय, आणि तुमच्यासाठी तर ते मापाचं आहे. अ‍ॅन टायलर या अमेरिकन लेखिकेची ‘ब्रीदिंग लेसन्स’. १९८८ सालची, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. बाल्टिमोर शहरातलं एक जोडपं, मॅगी आणि आयरा मोरन. लग्नाला २८ वर्षं झालीत. मैत्रिणीचा नवरा वारला म्हणून दोघं गाडीने तिच्या गावाला जातात आणि परत येतात. एका दिवसाची गोष्ट. वाटेत भांडतात, रस्ता चुकतात, एकेकाळच्या सुनेच्या दारात जातात, पुन्हा भांडतात. बस.

यातल्या आयराचं दुकान आहे. तसबिरींना चौकटी करून देण्याचं, वडिलांनी घातलेलं. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. शाळा संपली तशी वडिलांनी आपलं हृदय अशक्त असल्याचं जाहीर केलं आणि दुकान त्याच्यावर टाकलं. दोन बहिणींचा भारही त्याच्याचवर. माणूस मोजकं बोलणारा. पण त्याला शिट्टीवर गाणी वाजवायची सवय आहे, आणि कुठलं गाणं वाजतंय त्यावरून मॅगी त्याच्या मनाचा अंदाज घेते, कारण त्या गाण्याचे शब्द तेव्हाच्या प्रसंगाला बरोबर लागू पडतात. अठ्ठावीस वर्षांनी बायकोला नवऱ्याचं मन शिट्टीवरून ओळखावं लागतं. हे वाचून हसूही येतं आणि आत कुठेतरी टोचतंही.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला आणि तिसरा मॅगीच्या बाजूने, मधला आयराच्या. पहिल्या भागात तो आपल्याला कोरडा, कुजकट वाटतो. मग मधला भाग सुरू होतो आणि आपण त्याच्या आत जातो. तिथे एका जुन्या सहलीची आठवण आहे, म्हाताऱ्या बापाला आणि बहिणींना घेऊन बंदरावर गेला होता त्याची. आपलं आयुष्य या लोकांना पोसण्यात वाया गेलं असं तो इतकी वर्षं धरून चाललेला असतो. त्या दिवशी त्याला उमगतं की ही माणसं आपल्याला किती प्रिय आहेत हे कधी ध्यानातच घेतलं नाही, वाया गेलं असेल तर ते. वाचकाला हे कळतं. मॅगीच्या वाट्याला शिट्टी.

तुमच्या बी.कॉम.च्या इंग्रजीने हे पुस्तक जमेल. वाक्यं सोपी आहेत. पहिला भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, मॅगीचा राग येईल, तो येऊ द्या. मधला भाग मात्र दुकानात वाचू नका, घरी वाचा.

‘हिला माझ्यात काय कमी वाटतंय’ हा तुमचा प्रश्न मी बाजूला ठेवलेला नाही. पण त्याचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही, ते ती देईल. मी फक्त एवढंच सांगते की या पुस्तकांना ‘नवरा असा हवा’ अशी यादी समजू नका. प्रेमकादंबरीचा वाचकाशी ठरलेला एक करार असतो. अमेरिकेतल्या प्रेमकथालेखकांच्या संघटनेने तिची व्याख्याच तशी केली आहे: प्रेमकथा मध्यभागी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. म्हणजे पहिल्या पानापासून वाचणाऱ्याला ठाऊक असतं की या दोघांचं बरं होणार आहे. दिवसभर वर्गात घसा फोडलेल्या, आल्यावर वह्या तपासलेल्या बाईला रात्री अकरा वाजता हा भरवसा फार सुखाचा असतो. ज्या गोष्टीत कोण मरेल, कोण फसवेल याची धास्ती नाही, अशी गोष्ट. पुरुष जिंकलेल्या क्रिकेट मॅचची क्षणचित्रं पुन्हापुन्हा बघतात तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही की बाबा रे, तुझ्या आयुष्यात काय कमी आहे?

तेव्हा ‘बंद कर’ हा शब्द तोंडातून काढू नका. पन्नाशीच्या आसपासच्या बाईला घरात स्वतःची म्हणावी अशी वेळ फार थोडी मिळते, तिला ती आत्ता कुठे मिळालीय, आणि ती तिच्या लेकीने दिलीय. शिवाय व्यवहाराचं बोलायचं तर, बंद कर म्हटल्यावर ती बंद करणार नाही. फक्त खुणा करायचं बंद करेल.

लाजेच्या पानांबद्दल. या कादंबऱ्यांत ती असतात, कुठे जास्त, कुठे कमी. वाचणाऱ्या बायका त्याला सरळ ‘स्पाइस’ म्हणतात आणि पुस्तक घेण्याआधी एकमेकींना विचारून घेतात. काही लेखिका ऐन वेळी खोलीचं दार लावून घेतात, त्याला ‘क्लोज्ड डोअर’ म्हणतात. वयस्कर जोडप्यांच्या चांगल्या पुस्तकांत या प्रसंगांचा सूरच निराळा असतो. तिथे कोणी कोणाला उचलून जिना चढत नाही. गुडघा दुखतो. पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघतात, रात्री पांघरूण फेकून द्यावंसं वाटतं. शस्त्रक्रियेचा व्रण दिसेल म्हणून दिवा घालवायचा हट्ट असतो. आपल्या शरीराबद्दल नवऱ्याशी कसं बोलायचं हे आपल्याकडच्या बायकांना कोणी शिकवलेलं नाही, आणि पुरुषांना कसं ऐकायचं ते तर मुळीच नाही. ती पानं पुन्हा वाचायची असतील तर लाज सोडून, सावकाश वाचा. पण तिला विचारून.

हो, विचारून. टॅब दुकानात नेलात हे मला आवडलेलं नाही. वाचकाच्या खुणा म्हणजे त्याची खाजगी वही असते. ते तिला सांगावं लागेल, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या गोष्टीबरोबरच सांगता येईल.

तुमच्या बाजूनेही चार शब्द बोलते, कारण त्या सुताराची तुम्हाला असूया वाटली, आणि ती अगदीच अनाठायी नाही. ‘वास्तववादी’ म्हणून खपणाऱ्या या कादंबऱ्यासुद्धा बऱ्याच लबाड्या करतात. घटस्फोट पहिल्या पानाआधीच उरकलेला असतो, कोर्टाच्या तारखा वाचकाला बघाव्या लागत नाहीत. माणसं कर्जात असतात पण समुद्रकाठच्या घरात राहतात. सासूबाईंची औषधं, घरपट्टी, गॅसचा नंबर यात कोणाचं एक प्रकरणही खर्ची पडत नाही. आणि नायकाला ऐन वेळी नेमके शब्द सुचतात. ते सुचायला लेखिकेला सहा-आठ महिने आणि एक संपादक मिळालेला असतो, तुम्हाला जेवणाच्या ताटावर दहा सेकंद मिळतात. पुस्तक तीनचतुर्थांश झालं की दोघांची ताटातूट करायची हीसुद्धा एक ठरलेली खोड आहे. वाचक तिला ‘थर्ड अ‍ॅक्ट ब्रेकअप’ म्हणतात आणि वैतागतात, कारण बऱ्याचदा ते भांडण एका फोनने मिटण्यासारखं असतं.

चाळिशी-पन्नाशीची माणसं घातली म्हणून गोष्ट प्रौढ होत नाही. साठीचा नायक घेऊन विशीतला पोरखेळ लिहिणारे पुष्कळ आहेत. माझी कसोटी अशी आहे की दोघांच्या मधली अडचण खरी आहे का? फोन केल्याने सुटणार नाही अशी? हेलन सायमनसन यांच्या ‘मेजर पेटिग्रूज लास्ट स्टँड’ (२०१०) या कादंबरीत इंग्लंडमधल्या खेड्यातला ६८ वर्षांचा विधुर निवृत्त मेजर आणि गावात दुकान चालवणाऱ्या, मूळ पाकिस्तानी घरातल्या विधवा मिसेस अली एकमेकांच्या जवळ येतात. अडचण काय, तर गावातले लोक, तिच्या नवऱ्याकडचे नातेवाईक, त्याचा मतलबी मुलगा, आणि वडिलार्जित बंदुकांच्या जोडीवरून पेटलेला घरगुती वाद. ती जोडी मेजरच्या वडिलांना हिंदुस्थानातल्या एका महाराजाकडून मिळालेली. वाटणीचा वाद काय असतो हे सांगलीच्या माणसाला मी समजवायला नको. पुस्तक हसवत हसवत चावतं. तुमच्या बायकोने अजून वाचलं नसेल तर तिला आवडेल.

केंट हॅरफ यांचं ‘अवर सोल्स अ‍ॅट नाइट’ याहून लहान आणि जास्त खोल. लेखक २०१४ मध्ये वारले, पुस्तक २०१५ मध्ये आलं. कोलोरॅडोतल्या एका लहानशा गावात अ‍ॅडी ही सत्तरीची विधवा शेजारच्या गल्लीतल्या विधुर लुईसकडे जाऊन विचारते, रात्री माझ्याकडे झोपायला येशील का? तसलं काही नको, म्हणते. अंधारात शेजारी पडून बोलायला कोणीतरी हवंय, रात्री जात नाहीत. तो कागदी पिशवीत पायजमा आणि टूथब्रश घालून मागच्या दाराने येतो. ती म्हणते, पुढच्या दाराने ये, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. मग लोक म्हणतातच. पण त्रास खरा होतो तो तिच्या मुलाकडून. शेवट सांगत नाही, फक्त सांगते की वर म्हटलेल्या त्या करारात तो बसत नाही.

या दोघांच्या रात्री कशात जातात माहितीय? एकमेकांना आपापली जुनी लग्नं सांगण्यात. जे त्या त्या लग्नात सांगायचं राहिलं, ते. विधवेला आणि विधुराला जे बोलायला मिळालं ते तुमच्या खोलीत दोन जिवंत, धडधाकट माणसांना मिळू नये, याचं मला वाईट वाटतं. म्हणून जरा कडक लिहितेय.

तर कॉन्ट्रॅक्टर.

तुमच्याकडे गिऱ्हाईक येऊन ‘पाइप द्या’ म्हणालं तर तुम्ही लगेच पाइप काढून देत नाही. कशासाठी, किती इंची, गरम पाण्याला की गार, भिंतीतून न्यायचाय की उघड्यावरून, सगळं विचारता. इतकं खोदून विचारणारा माणूस घरी आल्यावर मात्र असं धरून चालतो की बायकोला काय सोसेल आणि काय नाही हे आपल्याला न विचारताच कळतं. ‘उगाच तिला कशाला काळजी’ यात माया आहे, मान्य. पण तिला काळजी आहेच. फक्त कशाची करायची हे तिला माहीत नाही, म्हणून ती बिचारी अंदाज बांधते. कोणी सांगावं, ‘यांना माझ्यात काय कमी वाटतंय’ असं पत्र तीही कुठेतरी लिहीत असेल.

दुसरी खूण पुन्हा वाचा: धंदा गुंडाळायची वेळ आलीय हे तिला कसं सांगू. तुमचं दुकान त्या थराला गेलेलं नसेल, देव करो आणि न जावो, पण हिला काहीतरी वास लागलाय. बायकांना लागतो. हिशेबाची वही घरी यायची बंद झाली, फोन आला की नवरा गॅलरीत जाऊन बोलायला लागला, एवढं पुरतं.

या रविवारी, जेवण झाल्यावर, सांगा. रक्कम किती, कोणाकडे, किती महिने झाले, तुमची झोप उडालीय की नाही. आकड्यासकट सांगा, ‘थोडं टेन्शन आहे’ असं मोघम नको. त्यातच टॅबचंही सांगून टाका. सुरुवात कशी करायची हा प्रश्न पडला तर मी लिहून देत नाही, कारण लिहून दिलेलं ती पहिल्या वाक्यात ओळखेल. इंग्रजी शिकवते ती, पोरांच्या वह्यांतली कॉपी रोज पकडते. अडखळत बोला. तिला राग येईल, टॅबचा कमी आणि लपवल्याचा जास्त. तेव्हा ‘तुझ्याच भल्यासाठी लपवलं’ हे वाक्य मात्र गिळा. ते खरं असलं तरी गिळा.

आणि हे चाललेलं असताना वकिलालाही भेटा. उधारीवर दिलेल्या मालाच्या वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. भिडेखातर ती निघून जाते आणि मग हात चोळत बसावं लागतं.

ती काय बोलेल ते मला माहीत नाही. कदाचित सगळं ऐकून म्हणेल, ‘एवढंच ना? माझा पीएफ आहे.’ कदाचित पंधरा वर्षांपूर्वीचं काही उकरून काढेल ज्याचा कॉन्ट्रॅक्टरशी सुतराम संबंध नाही. तसं झालं तर तिथल्या तिथे हिशेब मांडायला बसू नका, ऐका, आणि दुसऱ्या दिवशी बोला. फारच अवघड काही निघालं आणि दोघांच्याने निभेनासं झालं तर समुपदेशकाकडे जायला कमीपणा मानू नका. पण मला तुमच्या पत्रात तशी लक्षणं दिसत नाहीत. ‘ओटा ओला करता’ म्हणणारी बायको माझ्या हिशेबी अजून पुष्कळ जवळ आहे. भांडी मात्र सोडू नका, ओटा पुसायला शिका.

पुस्तकाबद्दल तिच्याशी बोलायचं असेल, आणि बोलावंच, तर ‘मी असा आहे का?’ हे विचारू नका. त्याला बिचारी काय उत्तर देणार? ‘त्या सुताराने गाडीत बसून राहायला नको होतं, नाही का?’ असं विचारा. माणसं दुसऱ्यांच्या गोष्टीबद्दल बोलता बोलता आपल्याबद्दल बोलून जातात. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही तिच्या पुस्तकाबद्दल मत दिलंत याचंच तिला इतकं नवल वाटेल की बाकीचं ती माफ करेल.

मराठीत असं काही नाही का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारणारच. आहे, पण सूर वेगळा. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’मधली (१९८०) राधा उतारवयात मागे वळून आपल्या संसाराकडे बघते, आणि इतक्या स्वच्छ नजरेने बघते की वाचणाऱ्याला घाम फुटतो. मिलिंद बोकील यांच्या ‘समुद्र’मध्ये मध्यमवयीन नवरा-बायको समुद्रकाठी चार दिवस राहायला जातात आणि न बोललेलं बाहेर येतं. तिचं पुढे नाटकही झालं. पण ‘समुद्र’ तुम्ही आत्ता लगेच वाचू नका. तुमचा स्वभाव पाहता भलतंच काहीतरी डोक्यात घ्याल. आपल्या गंभीर कादंबरीने मुरलेल्या नात्यांकडे पाहिलं ते बहुधा चिरफाड करायला, आणि गोड शेवट लिहिणाऱ्यांनी पाहिलं ते विशीतल्या नायिकेकडे. पन्नाशीतल्या दोघांचं बरं झालं, असं लिहायला आपले लेखक का बिचकतात कोण जाणे. गोड म्हटलं की हलकं, असा एक समज आहे आपल्याकडे. मला तो पटत नाही. तुमच्या बायकोलाही पटत नसणार, म्हणून तर ती इंग्रजीकडे गेली.

राहिली डिसेंबरची भेट. दागिना वगैरे कॉन्ट्रॅक्टरचे पैसे सुटल्यावर बघू. आत्ता डेव्हिड निकल्स यांची ‘यू आर हिअर’ घ्या, २०२४ ची आहे. मायकेल हा ४२ वर्षांचा भूगोलाचा शिक्षक, बायको सोडून गेलेली. मार्नी ३८ वर्षांची, घटस्फोटित, घरी एकटीच बसून दुसऱ्यांची पुस्तकं तपासण्याचं काम करणारी. मायकेल उत्तर इंग्लंड या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पायी ओलांडायला निघतो, आणि दोघांची एक मैत्रीण सुरुवातीच्या काही दिवसांसाठी मार्नीसकट आणखी काही जणांना त्याच्याबरोबर आणते. पाऊस लागतो, बाकीचे गळतात, हे दोघं चालत राहतात. तसं फारसं काही घडत नाही. पायाला फोड येतात, ओले मोजे वाळत घालतात, विनोद करतात, बोलायचं ते टाळतात आणि मग बोलतात. तुमच्यापेक्षा दहा-चौदा वर्षांनी लहान आहेत दोघं, पण चालेल.

मुद्दाम हेच सांगतेय, कारण यात एक प्रकरण तिचं आणि एक त्याचं अशी पाळी आहे. दोन प्रती नकोत, एकच घ्या, कागदी. मार्नीची प्रकरणं तिने मोठ्याने वाचायची, मायकेलची तुम्ही. तुमचे इंग्रजी उच्चार ती सुधारेल, ते सुधारू द्या. टॅबला हात लावायचा नाही.

आणि त्या सुताराच्या कादंबरीचं नाव पत्रात लिहिलं नाहीत. पुढच्या वेळी तिला विचारून कळवा, मला वाचायची आहे.